मिरचीच्या गोदामातली मंडळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवालयाच्या दारात संगमरवराची एक पाटी आहे. तिच्यावर 'संस्थापक वडील' म्हणून तीन नावं सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. लग्नाला आलेले पाहुणे त्या पाटीपुढे उभे राहून फोटो काढतात. याच तिघांनी ही मंडळी मोडण्याचा रीतसर ठराव आणला होता, एवढं कोरायला बहुधा दगड कमी पडला असावा. नाताळ अंकाच्या संपादकांनी मला 'मंडळीची स्थापना आणि वाढ' हा विषय दिला आणि गोड लिहा अशी सूचनाही केली. गोड लिहिणाऱ्यांची आपल्यात वाण नाही, तेव्हा मी झालं तसं लिहिते.

मी बायबलबाई होते. आता हा शब्द सांगावा लागतो. बायबलबाई म्हणजे मिशनची पगारी बाई. तिनं पांढरं पातळ नेसायचं, खांद्याला कापडी पिशवी लावायची आणि घरोघर हिंडायचं. बायकांना वाचायला शिकवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, बाळंतिणीच्या चुलीवर पाणी ठेवायचं, मेलेल्या बाईला आंघोळ घालायची आणि या सगळ्यात जमेल तिथे प्रार्थना करायची. पाळक उपदेश करतात, वडील ठराव करतात, उरलेलं बायबलबाई करते. पाटीवर बायबलबाईचं नाव नसतं, कारण पाटी कुठे लावायची हेही वडीलच ठरवतात.

इथे 'वडील' म्हणजे म्हातारा माणूस नव्हे. आम्ही प्रेसबितेरियन. आमच्यात बिशप नाही, त्याचा आम्हाला भारी अभिमान. मंडळीनं मतं देऊन निवडलेले वडील कारभार पाहतात, आणि चार गावच्या पाळकांची नि वडिलांची मिळून वर एक सभा असते, तिला प्रेसबितेरी म्हणतात. म्हणजे एका बिशपाची हुकूमत आम्हाला चालत नाही, तर ती आम्ही तिघाचौघांत वाटून घेतली आहे.

निजामशाही गेली त्यानंतरच्या वर्षांत मिशननं मला मराठवाड्यातून हैदराबादला धाडलं. आपली मराठी माणसं तिकडे नोकऱ्यांना गेलीत, ती हुडकून काढा, असं मिशनच्या मडमेनं सांगितलं. एवढ्या मोठ्या शहरात कुठे हुडकायची हे तिनं सांगितलं नाही. मी अफझलगंजात धान्याच्या दुकानाशी जाऊन उभी राहायची. तांदूळ घेणारीकडे मी बघतही नसे. ज्वारी मागून ती तळहातावर चोळून बघणारी बाई आली, की ती आपल्याकडची. मग तिच्या कपाळाकडे बघायचं. कुंकू नसेल आणि गळ्यात मंगळसूत्र असेल, तर तिच्या मागोमाग चालू लागायचं. एकदा अशी एक जैन बाई निघाली, ती मला चोर समजून ओरडली. पण बाकीच्या मिळत गेल्या. बहुतेक सरकारी दवाखान्यातल्या आया, त्यांचे वॉर्डबॉय नवरे, कुणी रेल्वेत, कुणी विद्यानगरच्या होस्टेलात भांडी घासायला.

अशा माणसांची मिळून आमची मंडळी झाली. अफझलगंजातच एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं रविवारी सकाळी गोदाम वापरायला दिलं. तो आपल्या मराठवाड्याकडचाच शेतकरी घरातला, हिंदू. ख्रिस्ती म्हणजे नेमकं काय हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही. 'आपल्याकडची मानसं हायत, बसू द्या की,' एवढंच त्याचं म्हणणं. पोती बाजूला सरकवून आम्ही चटया अंथरायचो. गीताच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मंडळी शिंकायला लागायची. एका नव्या पाहुण्याच्या डोळ्यांना धारा लागलेल्या पाहून त्याचं हृदयपरिवर्तन झालं, असं मडमेला एकदा वाटलं होतं. तिनं तसं विलायतेला कळवलंदेखील.

माणसं जमली तेव्हा मग साळवेसाहेब आले. ते दवाखान्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आयांच्या आणि वॉर्डबॉयांच्या ड्यूट्या त्यांच्या हातात, रजा त्यांच्या हातात, क्वार्टर त्यांच्या हातात. तेव्हा मंडळीनं वडील निवडायचे ठरल्यावर साळवे निवडून आले, यात नवल ते काय. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन स्नेही आले, एक शाळा-इन्स्पेक्टर आणि एक जमाबंदी कचेरीतले. साहेबांसाठी गोदामात खुर्च्या आल्या. बाकीची मंडळी चटईवरच राहिली. साळवेसाहेबांची प्रार्थना फार लांब असे. देवाला ते कचेरीतल्या सगळ्या घडामोडी कळवत. मिरचीनं त्यांना आवरलं नसतं तर दुपार झाली असती.

वडील म्हणून त्यांनी पहिलं काम काय केलं, तर भिकाजीला अडवलं. भिकाजी अंबडकडचा, सर्जिकल वॉर्डात वॉर्डबॉय. गाणारा, माणसं धरून आणणारा, मेलेल्याच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचणारा. त्याचं नाव वडील म्हणून सुचवलं गेलं की साहेब म्हणत, अजून वेळ आली नाही. कसली वेळ, ते कधी सांगत नसत. भिकाजीची बायको तेलुगू होती, येल्लम्मा, तीही आयाच. ती प्रार्थना तेलुगूत करायची. साहेबांचं म्हणणं, ही मराठी मंडळी आहे. देवाला तेलुगू कळत असावं असा माझा अंदाज होता, पण वडीलमंडळात बायकांना बोलायची सोय नव्हती.

आता दीनाबाईंबद्दल सांगते, त्या साळवेसाहेबांच्या पत्नी. रविवारी गोदामात त्या साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसत आणि शिंक आली तरी पदरात दाबत. पण बुधवारी मी आयांच्या क्वार्टरांत बायकांची सभा घ्यायची, तिथे त्या मागल्या दारानं येत. चटईवर बसत. येल्लम्माकडून तेलुगू गीतं शिकत, तिला मराठी वाचायला शिकवत. साहेबांना हे कळलं तेव्हा ते मला म्हणाले, तुम्ही माझ्या घरच्यांना कुठे नेता त्याचा जरा विचार करा. मी विचार केला आणि पुढल्या बुधवारी आम्ही दुसऱ्या क्वार्टरात बसलो.

पुढे राज्यं फुटली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, तेलंगण आंध्राला मिळणार, हे रोज पेपरात येऊ लागलं. सरकारी माणसांना विचारलं गेलं, तुम्ही कुणीकडे. आमच्या तिन्ही वडिलांनी मुंबई राज्य मागितलं. त्यात काही गैर नव्हतं, पोट आहे, बढती आहे, आपला मुलूख आहे. आया आणि वॉर्डबॉयांचा मात्र जीव इथे रुजला होता. कुणाची सून तेलुगू, कुणाचा जावई. त्यांनी इथेच राहायचं ठरवलं.

साहेबांना ही गोष्ट पचेना. आपण जाणार आणि मंडळी राहणार, म्हणजे मग आपण कोण होतो? शिवाय एका विलायती बाईनं दिलेलं प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचं, चांदीचं ताट, पेला आणि एक पायपेटी मंडळीजवळ होती. मंडळी रीतसर मोडली तर हे सामान वडील सांगतील त्या मंडळीला जाणार. साहेबांची बदली मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी झाली होती. तिथल्या मंडळीत चांदीचं ताट घेऊन प्रवेश करायचा, हे त्यांनी मनात पक्कं धरलं असणार. तोंडानं मात्र ते म्हणत, मराठी मंडळी मराठी राज्यात शोभते, इथे मराठी टिकायची नाही, मागे उरणाऱ्यांना तेलुगू चर्चमध्ये कुणीही सामावून घेईल.

त्याच सुमाराला भिकाजीचा धाकटा भाऊ बौद्ध झाला. तो भिकाजीला न्यायला आला होता. माझ्यासमोरच म्हणाला, 'दादा, तुमच्या देवळात बी साहेब खुर्चीवर आन तू चटईवर. मग बाटून काय मिळिवलं?' भिकाजी नंतर मला म्हणाला की भावाचं चुकलं असं म्हणायला मला तोंडच नाही. मंडळी मोडली असती तर त्याला जायला एकच दार उरलं असतं, आणि ते त्याच्या भावाचं होतं. माझं म्हणाल तर माझं काम संपलं असतं. मिशननं मला पुन्हा कुठल्यातरी धान्याच्या दुकानाशी उभं केलं असतं. पण त्या दिवसांत मला त्याची चिंता वाटत नव्हती, मला संताप येत होता. एकेका माणसासाठी मी वहाणा झिजवल्या होत्या.

इथे दाखल्याची भानगड सांगायला हवी. आमच्यात एका गावची मंडळी सोडून दुसऱ्या गावी गेलेल्या माणसानं जुन्या मंडळीचा दाखला न्यायचा असतो. दाखला नसेल तर नव्या ठिकाणी प्रभुभोजनाला बसता येत नाही, मग वडील होणं लांबच. साहेबांच्या नव्या गावी वडिलांची निवडणूक तोंडावर आली होती. उशीर नको म्हणून या तिघांनी वडीलमंडळाची बैठक भरवली आणि एकमेकांचे दाखले एकमेकांच्या सहीनं मंजूर केले. दोघांनी दाखल्यात बायकामुलांची नावं घातली. साळवेसाहेबांनी स्वतःचंच नाव घातलं. सामानाबरोबर बायको येतेच, तिचं वेगळं काय लिहायचं, असं त्यांना वाटलं असावं. मग पंधरवड्यानं त्यांनी मंडळी मोडण्याची सभा बोलावली.

सभेला प्रेसबितेरीचे अध्यक्ष आले. अगदी म्हातारे, अर्धवट बहिरे, नियमांचे पक्के. मला ते कधीच आवडले नाहीत. एकदा एका मरणाऱ्या माणसाचा बाप्तिस्मा त्यांनी अर्ज अपुरा आहे म्हणून थांबवला होता. ते गोदामात आले, दोनदा शिंकले, खुर्चीवर बसले आणि दाखल्यांचं काम आधी झालं आहे का, असं विचारलं. साहेब अभिमानानं म्हणाले, सगळं रीतसर झालं आहे.

'मग तुम्ही तिघं आणि तुमची कुटुंबं बाजूला बसा,' अध्यक्ष म्हणाले. 'दाखला घेतला की माणूस या मंडळीचा पाहुणा होतो. पाहुण्याला आशीर्वाद आहे, मत नाही.'

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी बराच वाद घातला. पण ज्या नियमांच्या काठीनं त्यांनी इतरांना हाणलं होतं, ती काठी आता दुसऱ्याच्या हातात होती, आणि या म्हाताऱ्याला तर ऐकूही कमी येत होतं. शेवटी ते उठले आणि भिंतीशी मिरचीच्या पोत्यांना टेकून उभे राहिले. तिथून त्यांना चटईवरचा प्रत्येक चेहरा दिसत होता.

अध्यक्षांनी विचारलं, मंडळी चालू राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.

एकही हात वर गेला नाही. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. मी येल्लम्माकडे वाकून कुजबुजले, हात वर कर गं. ती मान खाली घालून म्हणाली, 'साब देख रहें बाई. कैसा उठाना?' साहेबांना बदलीचा हुकूम झाला होता, पण ते अजून इथल्या कामावरून सुटले नव्हते. जाईपर्यंत ड्यूट्या तेच लावणार होते आणि क्वार्टरांत कुणाला ठेवायचं ते लिहून देणार होते. भिकाजी स्वतःच्या हाताकडे बघत बसला होता. मला हात वर करता येत नव्हता, कारण मिशनच्या पगारी माणसांची नावं मराठवाड्यातल्या मूळ ठाण्याच्या मंडळीतच ठेवत. ज्या मंडळीचं एकेक माणूस मी गोळा केलं, तिच्यात मी नव्हतेच. अध्यक्षांनी तोच प्रश्न पुन्हा एकदा मोठ्यानं विचारला.

तेव्हा खुर्च्यांच्या रांगेतून दीनाबाई उठल्या. मला वाटलं, त्या साहेबांजवळ जाऊन उभ्या राहणार. त्या चटईवर आल्या, येल्लम्माच्या शेजारी बसल्या आणि हात वर केला.

साहेब म्हणाले, 'हिचा दाखला झालाय. हिला मत नाही.'

अध्यक्षांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि हिचं नाव यात नाही, अशी मान हलवली. दीनाबाई साहेबांकडे न बघता म्हणाल्या, 'तुमचा दाखला तुम्ही घेतलात. माझा मी मागितला नाही.'

मग येल्लम्माचा हात गेला. मग भिकाजीचा. मग चटईवर कुणाचा हात कुठला ते मला दिसेना, कारण मला रडू येत होतं, आणि या वेळी त्यात मिरचीचा काही हात नव्हता.

मंडळी राहिली. चांदीचं ताट राहिलं, पायपेटी राहिली. साहेबांनी जाण्यापूर्वी भिकाजीला महिनाभर रात्रपाळी लावली, तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. ते गेल्यावर वडिलांची निवडणूक झाली आणि भिकाजी निवडून आला. तो मला म्हणाला, 'बाई, म्या दिसभर बेडपॅन उचलतो. त्याच हातानं ताट कसं धरू?' मी म्हटलं, हात धुऊन धर, साहेब कुठे धूत होते.

वाढीबद्दल संपादकांनी विचारलंय, म्हणून सांगते. मंडळी वाढली, पण मराठीत नाही. आयांच्या तेलुगू मैत्रिणी आल्या, त्यांच्या बहिणी आल्या. पुढे कुकटपल्लीकडे कारखाने झाले, कामगार तिकडे राहायला गेले, आणि आम्ही गोदाम सोडून तिकडेच देवालय बांधलं. आता मराठी उपासना महिन्याच्या पहिल्या रविवारी तेवढी होते. आमची नातवंडं मराठी गीतं इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात आणि ती वाचतानाही अडखळतात. साळवेसाहेबांनी मराठी टिकणार नाही असं म्हटलं होतं, तेवढं त्यांचं खरं ठरलं. ते आणि त्यांचे स्नेही राहिले असते तर कदाचित टिकलीही असती. मला त्याचं वाईट वाटतं. पन्नासाव्या वर्षी मंडळीनं संगमरवरी पाटी लावली, तेव्हा नव्या पिढीनं जुन्या अहवालातली पहिली तीन नावं उचलली. मी नको म्हटलं, पण बाईंना राग फार, असं म्हणून सगळे हसले.

दीनाबाई साहेबांबरोबर गेल्या. दुसरीकडे कुठे जाणार? दोनेक वर्षांनी माझ्या भाचीचं लग्न त्याच गावी निघालं, आणि रविवारी मी तिथल्या देवालयात गेले. त्या दिवशी नेमकं प्रभुभोजन होतं. साळवेसाहेब तिथेही वडील झाले होते, त्यांच्या हातात भाकरीचं ताट होतं. आमच्यात मंडळी जागेवरच बसते आणि वडील ताट घेऊन रांगेरांगेनं जातात. दीनाबाई तिसऱ्या बाकावर कडेला बसल्या होत्या. साहेब त्यांच्याजवळ आले, ताट जरा वर उचललं आणि त्यांना ओलांडून पुढच्या बाईपुढे धरलं. कुणाला काही वाटलेलं दिसलं नाही, म्हणजे हे नेहमीचंच होतं. दाखला नाही, तर भाकर नाही. नियम तोच आहे, आणि साहेब नियम मोडणारे नव्हेत.

उपासना संपल्यावर मी दीनाबाईंना बाजूला घेतलं. मी म्हटलं, एक पोस्टकार्ड टाका, भिकाजी उद्याच्या उद्या दाखला पाठवेल. त्या म्हणाल्या, 'नको, सगुणाबाई. आयुष्यात तो एकच हात मी माझ्या मनानं वर केला. दाखला मागितला तर तो खाली घेतल्यासारखं होईल.' मी त्यांच्याशी भांडले. त्यांनी माझ्या हातात डबा ठेवला, गाडीत खायला.

हैदराबादला येऊन मी हे भिकाजीला सांगितलं. आमच्यात अशी रीत आहे की प्रभुभोजनाच्या आधी वडिलानं आपल्या वाट्याच्या प्रत्येक घरी जावं, माणसाचं मन कसं आहे, कुणाशी वैर आहे का, ते विचारावं. साळवेसाहेब हैदराबादेत असताना ही भेट दवाखान्याच्या कचेरीत उरकत. आयांना बोलावून घ्यायचे, टेबलाशी उभं करून मन शुद्ध आहे ना विचारायचे आणि पुढची, असं म्हणायचे. भिकाजी मात्र घरोघर जायचा. माझं ऐकून तो म्हणाला, 'दीनाबाई आजून आपल्या मंडळीच्या हायत. म्हंजी त्यांचं घर माझ्या वाट्याला येतं.'

पुढल्या प्रभुभोजनानंतर त्यानं आमच्या ताटातली भाकर पांढऱ्या फडक्यात बांधली, रजा टाकली आणि गाडी धरली. हे नियमात बसतं की नाही मला ठाऊक नाही. मी कुणाला विचारलं नाही आणि बहिऱ्या अध्यक्षांना तर मुळीच कळवलं नाही.

परत आल्यावर त्यानं सांगितलं. साळवेसाहेबांनी दार उघडलं, आपल्या जुन्या वॉर्डबॉयला बघितलं आणि काय काम आहे, असं विचारलं. वडिलाची भेट आहे, भिकाजी म्हणाला. दीनाबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी हात धुतले, पाटावर बसल्या. भिकाजीनं रीतीप्रमाणे विचारलं, त्यांनी रीतीप्रमाणे उत्तर दिलं, आणि त्यांनी ती शिळी भाकर खाल्ली. साहेब सगळा वेळ चौकटीत उभे होते.

मी विचारलं, मग?

'मग तुकडा उरला व्हता, बाई. म्या त्यांच्याम्होरं बी फडकं धरलं. ते हात पुढं करता करता थांबले. म्हनले, नको, माझा दाखला इथला आहे.'